गुरुवारचं मशीन

काळावर मात करणारी माणसं विरळा असतात, आणि आमचे घरमालक त्यांपैकी एक होते. हे वाक्य त्यांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी थोड्याफार फरकानं उच्चारलं. तिसरा वक्ता मी होतो. त्यांच्या माडीवर मी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो होतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीतलं घड्याळ रोज अकरा मिनिटं मागे पडतं आणि रोज सकाळी दाढी झाल्यावर ते स्टुलावर चढून काटा अकरा मिनिटं पुढे ढकलतात, हे त्या सभेत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, दुसऱ्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. काकू काही बोलल्या नाहीत. त्या नऊ वर्षांत मीही एकदाच मोठ्यानं म्हटलं होतं, की घड्याळ मागे पडतंय.

"मागे नाही पडत, मास्तर," ते म्हणाले होते. "त्याची चाल तीच आहे. तुम्ही पुढे जाताय."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. घाटावरून बदली होऊन रत्नागिरीत आलो तेव्हा मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर 'जागा भाड्यानं देणे आहे' अशी पाटी पाहिली आणि फाटक उघडलं. जून संपत आला होता, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती, आणि पडवीत एक सत्तरीचे गृहस्थ जाड लोकरी कोट, खांद्यावरून गॅलसचे पट्टे, गळ्यापर्यंत बटणं आणि डोक्यावर करडी फेल्ट हॅट अशा वेषात स्टोव्हला पंप मारत बसले होते. मला वाटलं, नाटकाची तालीम चाललीय. त्यांनी हॅट दोन बोटं वर उचलली आणि विचारलं, "चहा स्टोव्हवरचा चालेल ना? गॅसवरचा आत मिळतो, पण तो मी पाहुण्यांना देत नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "देत नाहीत, पण स्वतः रोज पितात!"

ते मूळचे पूर्णगडचे. तरुणपणी बोटीवर गेले, इंजिनखोलीत तेलवाला म्हणून. तेलवाल्याचं काम म्हणजे हातात तेलाचा डबा घेऊन फिरायचं आणि जे जे हलतं त्याला तेल द्यायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि निवृत्त झाल्यावरही दुसरं काही केलं नाही. बोट ज्या बंदराला लागे तिथं बाकीचे खलाशी रेडिओ, घड्याळं, सेंट विकत घेत. हे गृहस्थ जुन्या बाजारात जाऊन कुणीतरी वापरून टाकलेले कोट आणि हॅट घेत, आणि वजनाची परवानगी असेल तर एखादं हातानं फिरवायचं यंत्र. काकूंचं मत असं, की लग्नानंतर पहिल्यांदा नवरा बोटीवरून परत आला तेव्हा त्यांनी साडीची वाट पाहिली होती आणि पेटीतून निघालं ते खिमा करायचं यंत्र. घर शाकाहारी नव्हतं, पण खिमा कुणी खात नव्हतं.

"मेल्या गोऱ्यांचे कोट घालून फिरतात," काकू म्हणायच्या. "एखाद्या दिवशी खरा मालक वरून बघेल आणि सांगेल, काढ."

हे त्यांना मान्य होतं. एका तपकिरी कोटाच्या आतल्या खिशात कुठल्याशा शहरातलं ट्रामचं तिकीट होतं, अक्षरं पुसलेलं. कोट धुताना ते तिकीट काढून ठेवत आणि वाळला की परत त्याच खिशात घालत. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, "त्यानं परतीचं काढलं असेल तर?"

बाजारात ते हॅट घालूनच जात. मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेले की एक ठरलेली कोळीण लांबूनच ओरडायची, "आला गं, राणीचा घोव आला!" ते अदबीनं हॅट उचलत. "टोपी नको उचलूस, बाबा, पिशवी उघड," ती म्हणायची, आणि सौंदाळे टाकायची. माझ्या माहितीत, त्या नमस्काराला रत्नागिरीत मिळालेला तेवढाच प्रामाणिक प्रतिसाद. बाकी लोक त्यांच्याकडे पाहून फोन वर करत.

आमच्या गावची हवा लोखंड खाते. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि खिडकीचं बिजागर दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखं होतं. अशा ठिकाणी जुनी यंत्रं जगवायची तर एकच उपाय, ती चालती ठेवायची. "थांबलं की गंजतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते शब्दशः बिजागराबद्दल बोलत असत. प्रत्येक यंत्राला त्यांनी वार वाटून दिला होता. शनिवारी कोळशाची इस्त्री, मग कपडे चुरगळलेले असोत नसोत. रविवारी घड्याळाला आठवड्याची चावी. गुरुवारी हाताच्या चाकाचं शिलाई मशीन. चावीच्या ग्रामोफोनच्या, त्यांच्या भाषेत फोनोच्या, दोनच तबकड्या उरल्या होत्या, त्यांतल्या एकीवर गाण्यापेक्षा खरखर जास्त होती. तरी सोमवारी ती लागायची. "गाण्याकडे लक्ष नका देऊ," ते सांगायचे. "खालचं चक्र ऐका. काय लोण्यासारखं फिरतंय!"

आणि एक नियम होता. त्यांच्या घरी यंत्र बघायला कुणी यायचं नाही. काम घेऊन यायचं.

हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी कुतूहलानं खाली उतरलो आणि ते काळं, सोनेरी वेलबुट्टीचं मशीन वाकून पाहू लागलो. त्यांनी विचारलं, "काय आणलंत शिवायला?" मी म्हटलं, काही नाही, नुसतं बघायला आलो. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, जसा दवाखान्यात डॉक्टर नुसत्या गप्पा मारायला आलेल्या माणसाकडे बघतो. मी वर गेलो, उशीचा एक बरा अभ्रा थोडा उसवला आणि घेऊन आलो. त्यांनी चाक माझ्या हाती दिलं. टाके वाकडे पडले, पण सुई आत-बाहेर जाताना त्या मशीनचा जो एक मऊ, समाधानी आवाज येत होता तो मला आवडला, हे मी आजही नाकारत नाही. पुढे अभ्रे संपल्यावर मी पडदे उसवले.

मे महिन्यात ठाण्याहून त्यांचा मुलगा, सून यायची. तेव्हा लाकडी बादलीचा आइस्क्रीमचा पॉट निघायचा. बाहेर बर्फ आणि जाडं मीठ, आत आटवलेलं दूध आणि हापूसचा रस. प्रत्येकानं शंभर फेरे मारायचे, वय, पद, सांधेदुखी काहीही असो. सुरुवातीला हँडल हलकं फिरायचं. हळूहळू जड होत जायचं, मग फार जड, आणि एका क्षणी ते अडायचं. तेव्हा हात वर करून ते जाहीर करायचे, "लागलं!" झाकण न काढता, न बघता, नुसत्या मनगटाला कळायचं की आत आइस्क्रीम झालंय. मुलगा तेवढ्यात म्हणायचा, "पप्पा, बाजारात दहा मिनिटांत मिळतं." पण तोही दुसरी वाटी घ्यायचा. मुलगा वाईट नव्हता. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात वाईट असं कुणीच नव्हतं, आणि हीच त्यातली अडचण आहे.

काकूंकडे पडद्यामागे मिक्सर होता. ते घराबाहेर पडले की तो लागायचा. ते रोज अर्धा तास जास्त फिरून यायचे, म्हणजे काकूंचं वाटण पुरं व्हावं. दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला ठाऊक नाही.

एकदा गावातल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं, 'वारसा जपणारे' वगैरे. यजमानांनी अट घातली की एखादं यंत्र सोबत आणा, मंचावर शोभेल. मशीन नेलं, त्याला झेंडूची माळ घातली, शाल दिली, श्रीफळ दिलं. मग प्रमुख पाहुणे उठले आणि आपल्या संस्कृतीचे धागे कसे विरत चालले आहेत यावर बोलू लागले. वीस मिनिटं झाली. घरमालक मंचावर बसल्या बसल्या पाहत होते की मागच्या मखमली पडद्याची शिवण हातभर उसवलीय. त्यांनी माळ काढून खुर्चीवर ठेवली, पडद्याचं टोक ओढून मशीनखाली घातलं आणि चाक फिरवायला लागले. माइक जवळ होता. धागे विरत असल्याच्या मुद्द्यावर सगळ्या सभागृहाला शिलाईचा आवाज ऐकू आला. पाहुणे थांबले. आमचे घरमालक खाली मान घालून म्हणाले, "चालू द्या साहेब, माझं होतच आलंय."

परत त्यांना कुणी बोलावलं नाही. पडदा मात्र अजून टिकून आहे.

त्यांचे हात कापायला लागले ते माझ्या तिथल्या सातव्या वर्षी. आधी सुईत दोरा ओवता येईना. मग तेलाचा थेंब पडायचा तिथं पडेना. शनिवारी इस्त्रीतला निखारा लेंग्यावर पडला तेव्हा काकूंनी इस्त्री उचलून फळीवर ठेवली आणि शनिवार रद्द झाला. त्यानंतर त्यांना एकच चिंता लागली, आपल्यामागे हे चालवणार कोण. कुणाला द्यायचं याची नव्हे. द्यायला माणसं रांगेत उभी होती. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर हॉटेल काढणारे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. रिसेप्शनला ठेवतो म्हणाले, वर लाइट सोडतो.

"चालवणार कोण?" घरमालकांनी विचारलं.

"चालवायचं कशाला, काका? लोक फोटो काढतील."

"तुमच्या हॉटेलात आचारी आहे?"

"आहे की."

"तो पण नुसता उभा असतो फोटोला?"

गृहस्थ हसले, सरबत पिऊन गेले. जाताना पायरीवर मला म्हणाले, "म्हातारा गमतीचा आहे. घाई नाही आपल्याला." ते खरं होतं. त्यांना घाई नव्हती.

त्याच संध्याकाळी घरमालक जिना चढून माडीवर आले. सात वर्षांत पहिल्यांदा. हॅट हातात धरून ते माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, आठवड्याला एक तास. जास्त नाही. मी लिहून देतो कुठे तेल, किती थेंब, कुठल्या वारी. मुलाला मी विचारणार नाही. त्याला इथं यायला दहा तास लागतात. तुम्ही इथंच आहात. जुन्या गोष्टींवर तुमचं पोट आहे."

मी 'नाही' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "बघू."

मराठीत या शब्दाला अंत नसतो. दोन वर्षं ते दर गुरुवारी माझ्याकडे पाहत आणि मी दर गुरुवारी पेपर तपासायचे असल्याचं सांगत असे. एकदा त्यांनी खरोखरच वहीत लिहून आणलं. अक्षर इतकं कापरं होतं की मला ओळ लागेना. मी ती वही कपाटात ठेवली, चांगल्या जागी, ऐतिहासिक कागदपत्रांच्या शेजारी.

मोतीबिंदू वाढला तसा मुलानं ठाण्याला ऑपरेशन ठरवलं. ऑगस्टचे दिवस. दोघंही दहा दिवसांसाठी निघाले. निघताना ते मला म्हणाले, "रविवारी घड्याळाला चावी. आणि गुरुवारी मशीन एकदा फिरवा, नुसतं दहा फेरे. गुरुवारी दुपारनंतर तुम्हाला तास नसतो ना? म्हणून गुरुवार." काकू रिक्षात बसून ओरडल्या, "अहो चला, ट्रेन काय तुमच्या घड्याळावर सुटते?" त्यांनी हॅट उचलली.

मी रविवारी चावी दिली.

आमच्याकडे गणपतीआधी घर रंगवतात. आर्थिक स्थिती काहीही असो, भिंतीला हात फिरल्याशिवाय गणपती आत येत नाही. मुंबई-ठाण्याची माणसं सणाला येतात तेव्हा घर ताजं दिसायला हवं. मुलानं आईवडील नसताना रंग उरकून टाकायचं ठरवलं, त्यांना धूळ नको, वास नको, आणि आल्यावर सरप्राइज. संगमेश्वरकडचा एक पेंटर पाठवला. शांत, सज्जन माणूस. घरी भाताची लावणी आटोपून आला होता. मला फोनवर मुलगा म्हणाला, "सर, जरा लक्ष असू द्या." मी म्हटलं, हो.

पेंटरनं सगळं सामान पडवीत काढलं. गुरुवारी दुपारी मी जेवून खाली आलो, पडवीतल्या खुर्चीवर पेपर वाचत बसलो. समोर यंत्रं ओळीनं मांडलेली. मशीन, आइस्क्रीमचा पॉट, फोनो, इस्त्री, खिमायंत्र, स्टोव्ह. घड्याळ भिंतीवरच होतं, त्याला नुकताच गडद तपकिरी ऑइलपेंट मारून झाला होता. खिडक्यांच्या ग्रिलना चंदेरी रंग मारून झाला होता. पेंटर ब्रश घेऊन उभा राहिला.

"सर, सिल्वर बराच उरलाय. ह्यां पण मारू काय? गणपतीला बरां दिसंल."

मी वर पाहिलं. मला त्याचा प्रश्न नीट कळला होता. मी तंद्रीत नव्हतो, झोपेत नव्हतो. माझ्या समोर गुरुवारचं मशीन होतं, ज्याला मी दहा फेरे द्यायचे होते आणि दिले नव्हते.

"मारा," मी म्हटलं, आणि पान उलटलं.

रंगवलेलं यंत्र कुणाला चालवावं लागत नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी म्हणू शकतो. म्हणत नाही.

पेंटरनं काम मनापासून केलं. नुसता वरवर हात फिरवला नाही. चाकाच्या आऱ्याआऱ्यांतून, दातांच्या फटीतून, तेल घालायच्या भोकातून, सुईच्या दांड्यावरून. एक हात वाळू दिला आणि दुसरा मारला. सोनेरी वेलबुट्टी नाहीशी झाली. फोनोचा कर्णा दुधाच्या किटलीसारखा दिसू लागला. तिसऱ्या दिवशी सगळं परत जागच्या जागी लागलं, आणि मला कबूल केलं पाहिजे, खोली उजळली होती.

ते शनिवारी आले. मुलगा बरोबर होता. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर करडी हॅट. उंबऱ्यात मुलानं त्यांचा चष्मा काढला आणि म्हणाला, "आता बघा पप्पा!"

डॉक्टरांनी काम उत्तम केलं होतं. त्यांना एकदम सगळं स्पष्ट दिसलं.

ते मशीनपाशी गेले. हात चाकावर ठेवला आणि फिरवलं. फिरलं नाही. दुसरा हात लावला. पॉटचं हँडल धरलं. मला आजही त्यांचं मनगट दिसतं. अडलेलं हँडल काय सांगतं हे ओळखणारं मनगट. मुलगा फोन धरून उभा होता, वडिलांचा चेहरा टिपायला. ते त्याच्याकडे वळले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "घर लख्ख दिसतंय."

मग त्यांनी पेंटरला चहा दिला, गॅसवरचा, आणि दोघं मागच्या दारी बराच वेळ बोलत होते.

संध्याकाळी ते मला जिन्यात भेटले. त्यांनी सहज विचारलं, "मास्तर, पेंटरनं यंत्रांचं कुणाला विचारलं होतं का हो?"

"मला कल्पना नाही," मी म्हटलं. "मी कॉलेजात होतो. गुरुवार होता ना."

"होय तर," ते म्हणाले. "गुरुवार."

घड्याळ तेवढं चालू होतं. त्याची काचेची झडप रंगानं चौकटीला चिकटली होती, चावी घालायला वाट नव्हती, पण आत मी दिलेल्या चावीवर लंबक हलत होता. काटाही पुढे ढकलता येईना, त्यामुळे ते रोज अकरा मिनिटांनी खरोखर मागे जाऊ लागलं. काकू म्हणाल्या, "काच फोडा." ते म्हणाले, "गणपती येतोय. घरात काच फुटायला नको." सोमवारी सकाळी मूर्ती घरात आली, पाटावर बसली, आरती सुरू झाली. आरती संपून सगळे शांत झाले तेव्हा लक्षात आलं की घड्याळही शांत झालंय. मुलगा म्हणाला, "सेल टाकायला हवा."

विसर्जनानंतर त्यांनी रॉकेल, थिनर, जुने टूथब्रश घेतले आणि मशीनपाशी बसले. दोन डोळे नवे, दोन हात जुने. एवढं स्वच्छ दिसत असताना हात तिथं पोचत नव्हता. महिन्याभरात चाकाचा अर्धा फेरा मोकळा झाला, आणि ते जोर लावायला गेले तेव्हा आत काहीतरी तुटलं. मी एकदा विचारलं, मी काही करू का? अतिशय सौम्यपणे म्हणाले, "राहू द्या. तुम्हाला पेपर असतील."

दिवाळीनंतर त्यांनी कोट आणि हॅट उन्हात वाळत घालणं सोडलं. थंडीत बोडक्यानं बाजारात गेले तेव्हा कोळीण ओरडली नाही. दोन वेळा पाहूनही तिला ओळख पटली नाही, मग तिनं विचारलं म्हणे, "बाबा, बरां नाय काय?" आता मिक्सर ते घरात असतानाच लागायचा. ते समोर बसून त्याच्याकडे बघायचे. काकूंनी एकदा चिडून म्हटलं, "बघताय काय? तेल घालायचंय का त्याला?" म्हणाले, "त्याला लागत नाही." पुढल्या जूनमध्ये हॅटना बुरशी आली, आधी पांढरी, मग हिरवी. जुलैत ते गेले. झोपेतच गेले. पायताण, काठी, चष्मा जागच्या जागी.

शोकसभेचं मी सांगितलंच आहे.

बारा-तेरा दिवसांनी मुलगा काकूंना ठाण्याला न्यायला आला. यंत्रं हॉटेलच्या गृहस्थांनी टेम्पोतून नेली. चंदेरी रंग पाहून ते खूश झाले, आम्ही हेच करून घेणार होतो म्हणाले. मी एकदा तिकडे गेलो होतो. रिसेप्शनला उभी आहेत, वरून दिवा सोडलाय, पुढ्यात पाटी आहे, 'कृपया हात लावू नये'.

घर सांभाळायला मी राहिलो. निघायच्या सकाळी काकूंनी मला तपकिरी कोट दिला, ट्रामच्या तिकिटासकट. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "घ्या. त्यांनीच सांगितलं होतं." मग रिक्षाची वाट बघत पडवीत बसल्या, त्याच खुर्चीवर.

"मास्तर, एक विचारू? रंग मारायला तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी हातातल्या कोटाची घडी नीट करू लागलो.

"पेंटरनं त्याच दिवशी सांगितलं होतं ह्यांना. बिचारा रडायला आला होता. मी म्हटलं, वर जाऊन दोन शब्द सुनावते. ह्यांनी अडवलं मला. म्हणाले, नको गं, त्याला लाज वाटेल आणि तो जागा सोडून जाईल. भर पावसात खोली कुठे मिळते." त्यांनी पदरानं खुर्चीचा हात पुसला. "मी म्हटलं, मग विचारलंत कशाला जिन्यात? तर म्हणाले, म्हटलं, सांगतो का बघू."

रिक्षा आली. मुलानं बॅगा चढवल्या. काकू बसल्या आणि त्यांनी हात हलवला नाही.

जिन्याखाली आवराआवर करताना मला रंगाचा डबा सापडला. सिल्वर, जवळजवळ अर्धा. टाकून देणार होतो. पण गणपती तोंडावर आले होते, आणि माझ्या गॅलरीचं ग्रिल पार गंजलं होतं. तेव्हा एका गुरुवारी दुपारी मी तो त्याला मारला, दोन हात. रंग चांगला आहे. समुद्राच्या वाऱ्यात दोन पावसाळे झाले, अजून कुठे पापुद्रा सुटलेला नाही.